कारण न लिहिलेली माफी

१९४४ च्या जुलैत गांधीजी पाचगणीला 'दिलकुशा' बंगल्यात मुक्कामाला होते. मे महिन्यात आगाखान पॅलेसमधून सुटका झालेली, कस्तुरबा त्याच बंदिवासात फेब्रुवारीत गेलेल्या, अंगातला मलेरिया पुरता उतरलेला नाही, म्हणून थंड हवेची ही जागा. पण विश्रांती नावापुरतीच होती. १७ जुलैला याच बंगल्यातून त्यांनी दोन पत्रे लिहिली, एक जीनांना आणि एक चर्चिलना. राजाजीही त्या दिवसांत पाचगणीत होते. त्यांच्या फाळणीविषयक सूत्राने पुण्यात वादळ उठले होते आणि त्याचा निषेध करायला तरुणांची एक तुकडी पुण्याहून घाट चढून आली. प्रार्थनासभेत घोषणा झाल्या, गोंधळ झाला. पुढे नेमके काय घडले याविषयी दोन हकिकती आहेत. शेजारच्या भिलारचे भिलारे गुरुजी आयुष्यभर सांगत राहिले की जंबिया घेऊन धावलेल्या नथुराम गोडसेला आपण अडवले आणि गांधीजींनी त्याच्यावर कारवाई करू न देता उलट त्याला बोलायला बोलावले. जवळजवळ पाव शतकाने या प्रसंगाची चौकशी करणाऱ्या आयोगाला मात्र गोंधळ झाला इतकेच पटले. तो खुनाचा प्रयत्न होता, हे पुराव्याने सिद्ध झाले असे त्याला वाटले नाही. कोणती हकीकत खरी, हा या लेखाचा विषय नाही. पाचगणीतल्या एका संध्याकाळची उठाठेव करायला सर्वोच्च न्यायालयाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींना पंचवीस वर्षांनी का बसावे लागले, हा आहे. त्याचे उत्तर एका शिक्षामाफीत आहे. आणि ती माफी दिली कशी गेली, त्यात राज्यघटनेतल्या एका जुन्या अधिकाराचे दुखणे आहे.

गुरुजींची हकीकत खरी धरली तरी गांधीजींनी तिथे जे केले ते शासनाची माफी नव्हे. स्वतःवर झालेला अपराध माणूस स्वतः माफ करू शकतो, त्याला कोणाला जाब द्यायचा नसतो. राज्याची गोष्ट वेगळी. राज्य माफ करते तेव्हा ते दुसऱ्याच्या अंगावरचा घाव माफ करत असते, आणि तेही न्यायालयाने बाजू ऐकून, पुरावा तोलून दिलेला निकाल बाजूला ठेवून. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे मराठी मनात घर करून बसले ते एवढ्याचसाठी. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरे काही सांगायला ते तयार झाले नाहीत, ही कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. पण त्या कथेची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. शास्त्रीबुवांनी निकाल दिला खरा, अंमल झाला नाही, आणि का झाला नाही याचा लेखी जबाब कुणी मागितला नाही. सत्ता हातात असली की शिक्षा न बजावणे हीच एक मुकी माफी असते.

लोकशाहीत हा अधिकार असावा की नाही, हा माझ्या मते वादाचा प्रश्नच नाही. असावा. न्यायालये चुकतात, कायदा ढोबळ असतो, काही प्रकरणांत न्याय मिळूनही माणुसकी उरत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की या अधिकाराचा गैरवापर तो फार रुंद आहे म्हणून होत नाही, तो मुका आहे म्हणून होतो. माफी कोणाला, कधी आणि किती द्यावी यावर कुंपणे घालण्यात आपण साठ-सत्तर वर्षे खर्च केली. का दिली, हे लिहून लोकांसमोर ठेवा, एवढी साधी अट मात्र घातली नाही. १९४९ ते १९६९ या वीस वर्षांतल्या महाराष्ट्राशी निगडित दोन खटल्यांचा प्रवास शेजारी शेजारी ठेवला की हे दिसते.

पहिला खटला गांधीवधाचा. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी, पाच जणांना जन्मठेप, सावरकर निर्दोष. दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला होता. आपल्या बोलीत रुळलेला हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. ही माफी म्हणजे उघड सौदा असतो. न्यायालयासमोर होतो, अट ठरलेली असते, बदल्यात काय मिळाले ते साक्षीच्या कागदांत दिसते आणि आरोपीचा वकील त्यावरच उलटतपासणीत तुटून पडू शकतो. म्हणजे माफीच्या सर्व प्रकारांत जी सर्वांत व्यवहारी, तीच सर्वांत पारदर्शक. पुढे पंजाब उच्च न्यायालयाने सिमल्याला डॉ. परचुरे आणि शंकर किस्तय्या यांना सोडले, बाकीच्यांची शिक्षा कायम राहिली. फाशी रद्द करावी म्हणून मणिलाल आणि रामदास या गांधीजींच्या दोन मुलांनी रदबदली केली. ज्यांचा बाप मारला गेला, तेच दया मागत होते. गव्हर्नर जनरलपदी तेव्हा राजाजी होते, पाच वर्षांपूर्वी पाचगणीत ज्यांच्या सूत्रावरून घोषणा झाल्या तेच राजाजी. नेहरू, पटेल आणि राजाजी तिघांनीही नकार दिला. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली. अकरा दिवसांनी घटना समितीने राज्यघटना स्वीकारली. तिच्या ७२ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींना आणि १६१ व्या अनुच्छेदाने राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा, तहकूब ठेवण्याचा, तीत सूट देण्याचा आणि ती सौम्य करण्याचा अधिकार दिला. तहकुबी म्हणजे माफी नव्हे आणि सूट म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे, हे शब्दांचे बारकावे लवकरच सरन्यायाधीशांपर्यंत पोचणार होते.

दुसरा खटला मुंबईचा. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस माणेकशॉ नानावटी यांनी प्रेम आहुजा या आपल्या पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीश मेहतांना तो कौल विपरीत वाटला, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींना नायक करून टाकले होते. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने त्यांना खुनासाठी जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी, निकालाची शाई वाळायच्या आत, राज्यपाल श्रीप्रकाश यांचा हुकूम निघाला: सर्वोच्च न्यायालयातले अपील निकाली निघेपर्यंत शिक्षा तहकूब, आणि तोवर कैदी नौदलाच्याच ताब्यात, कुलाब्याच्या 'आयएनएस कुंजाली'वर. असा हुकूम राज्यपाल एकट्याच्या मनाने काढत नाहीत, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काढतात. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे.

पुढचे दृश्य एखाद्या कारकुनाच्या टेबलावरचे आहे, पण अख्खा पेच त्यातच उभा राहतो. उच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे नानावटींच्या अटकेचे वॉरंट निघाले. पोलीस अधिकाऱ्याने ते बजावायचे. समोर राज्यपालांचा हुकूम. वॉरंट न बजावताच परत आले, सत्र न्यायालयाने ते उच्च न्यायालयाकडे धाडले, आणि राज्यातल्या सर्वोच्च न्यायासनाला आपलाच कागद बजावणीविना परत आलेला पाहावा लागला. मुख्य न्यायमूर्ती चैनानी यांच्या अध्यक्षतेखाली पाच न्यायमूर्तींचे विशेष पीठ बसले. त्याने राज्यपालांचा हुकूम वैध ठरवला. पण पेच तिथे मिटला नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाचा नियम असा होता की शिक्षा झालेल्या माणसाने आधी शिक्षेपुढे हजर व्हावे, मगच त्याचा अपिलाच्या परवानगीचा अर्ज ऐकला जाईल. नानावटी म्हणत होते, राज्यपालांनी मला तुरुंगात जाण्यापासून सूट दिली आहे, तेव्हा हजर न होताच माझे ऐका. तुरुंगातल्या इतर अपीलकर्त्यांना जी सवलत नाही ती राजभवनातून आलेल्या एका कागदावर मागितली जात होती.

५ सप्टेंबर १९६० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला. चौघे एका बाजूला होते: सरन्यायाधीश सिन्हा, गजेंद्रगडकर, सुब्बाराव आणि वांच्छू. यांतले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर साताऱ्यात जन्मले, साताऱ्याच्याच शाळेत शिकले. म्हणजे ज्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने हुकूम निघाला त्याच्या शिरावर कृष्णाकाठचा एक माणूस आणि तो हुकूम अडवणाऱ्या बहुमतात दुसरा. बहुमताने काढलेली वाट अशी. पूर्ण माफी राज्यपाल केव्हाही देऊ शकतात, अपील चालू असतानाही. पण शिक्षेची तहकुबी हा अधिकार अपील चालू असताना न्यायालयालाही असतो. एकाच वेळी दोन हातांनी एकच दोरी ओढता येणार नाही. म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या विचाराधीन झाल्यापासून राज्यपालांची तहकुबी चालणार नाही. नानावटींना तुरुंगात जावे लागले. पुढच्या वर्षी २४ नोव्हेंबरला त्यांचे अपीलही फेटाळले गेले. पाचव्या न्यायमूर्तींनी मात्र वेगळे मत लिहिले: राज्यपालांचा हा अधिकार घटनेने दिलेला आहे, न्यायालयाच्या कामकाजाचा एखादा नियम त्याला लगाम घालू शकत नाही. हे भिन्नमत देणारे न्यायमूर्ती होते जीवनलाल कपूर. हे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

या निकालाची स्तुती नेहमी होते आणि ती रास्त आहे. पण त्याने काय केले आणि काय केले नाही, हे वेगळे काढायला हवे. त्याने माफीच्या अधिकारावर वेळेची मर्यादा घातली. श्रीप्रकाश यांनी तो हुकूम का काढला, हे त्याने विचारले नाही. नौदलाच्या अधिकाऱ्याला नागरी तुरुंगात जावे लागू नये, एवढ्यासाठी घटनेतला अनुच्छेद वापरावा काय, हा खरा प्रश्न होता आणि तो न्यायालयाच्या दारातच राहिला. दार एका बाजूने लावले गेले, दुसऱ्या बाजूने ते सताड उघडे होते: पूर्ण माफी केव्हाही देता येते. चार वर्षांनी नेमक्या त्याच दारातून नानावटी बाहेर आले.

मधल्या काळात आणखी एक निकाल लागला, आणि त्याकडे जावे तितके लक्ष जात नाही. गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात दावा केला की जन्मठेप म्हणजे वीस वर्षे, तुरुंगात मिळालेली सूट धरली की ती वर्षे भरली, तेव्हा मला सोडा. १२ जानेवारी १९६१ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य. वीस वर्षांचा हिशेब सूट मोजण्यापुरता. त्याआधी सोडायचे की नाही हे सर्वस्वी सरकारच्या हाती. आज न्यायालये आणि वर्तमानपत्रे जन्मठेपेचा अर्थ सांगताना ज्या निकालाचा आधार घेतात, तो हा. कायदा म्हणून तो बरोबर असेल. पण त्याचा परिणाम असा झाला की गांधीजींच्या खुनातल्या कैद्यांची सुटका हा हक्काचा प्रश्न न राहता मंत्रालयातल्या मर्जीचा प्रश्न झाला, आणि मर्जीला कारणे देण्याची सक्ती नव्हतीच.

१९६४ साली महाराष्ट्रात दोन्ही प्रकरणांचा शेवट झाला, काही महिन्यांच्या अंतराने. राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित होत्या, मुख्यमंत्री वसंतराव नाईक. नानावटींना माफी मिळाली, आणि त्यांच्याबरोबर भाई प्रताप यांनाही. भाई प्रताप स्वातंत्र्यलढ्यातले सिंधी व्यापारी, फाळणीनंतर कच्छमध्ये गांधीधाम उभारणारे, आयात परवान्याच्या गैरवापराबद्दल शिक्षा झालेले. मृत आहुजा सिंधी, नानावटी पारशी. राम जेठमलानी यांच्या मध्यस्थीने आहुजांच्या बहिणीने माफीला लेखी संमती दिली. दोन माफ्या एकत्र जाहीर झाल्या आणि मुंबईत कुणालाही अर्थ समजावून सांगावा लागला नाही: एका समाजाला एक, दुसऱ्या समाजाला एक. प्रत्येक माफीचे स्वतंत्र समर्थन कदाचित करता आले असते. नानावटी हे सराईत गुन्हेगार नव्हते, भाई प्रतापांचा गुन्हा रक्तपाताचा नव्हता. पण दोघांची मोट बांधली गेली तेव्हा दयेचा तराजू झाला. आणि कारणांचा कागद नसल्याने हा तराजू होता की योगायोग, हे कोणालाही सिद्ध करता आले नाही. खोटे पाडताही आले नाही, हेही तितकेच वाईट. निर्मळ माफीवरही शंकेचा डाग राहतो.

इथे १९४९ आठवावे. तेव्हा मृताच्या दोन मुलांनी दया मागितली, राज्याने नाकारली. १९६४ मध्ये मृताच्या बहिणीने संमती दिली, राज्याने ती शिरोधार्य मानली. आप्तांच्या क्षमेला वजन आहे की नाही? असेल तर पहिला नकार का? नसेल तर दुसरा होकार का? दोन्ही निर्णयांना उत्तरे देता येतात. गांधीजींचा खून हा एका कुटुंबावरचा घाव नव्हता, देशावरचा होता, हे सरळ उत्तर आहे आणि मला ते पटते. पण मला पटणे आणि राज्याने ते लिहून ठेवणे यांत अंतर आहे. लिहिले असते तर ते तत्त्व झाले असते, पुढच्या राज्यपालाला त्याला धरून चालावे तरी लागले असते किंवा ते का सोडले ते सांगावे लागले असते. न लिहिल्याने प्रत्येक माफी ही पहिलीच माफी ठरते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात गोपाळ गोडसे, विष्णू करकरे आणि मदनलाल पाहवा सुटले. सोळा वर्षांहून अधिक काळ त्यांनी भोगला होता. त्यांची सुटका चुकीची होती असे मी म्हणणार नाही. इतर जन्मठेपी कैद्यांना जे मिळते ते केवळ मृत व्यक्ती थोर होती म्हणून नाकारावे, हा कायद्याच्या राज्याचा न्याय नव्हे. आणि पश्चात्ताप हा सुटकेचा दाखला करायचा तर तुरुंगातून ढोंगी लोकच लवकर सुटतील. आक्षेप सुटकेवर नाही, ती ज्या गुपचूप रीतीने झाली तिच्यावर आहे. १२ नोव्हेंबरला पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त सत्यनारायणाची पूजा आणि सत्कार झाला. अध्यक्षस्थानी 'केसरी'चे माजी संपादक, लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर. भाषणाच्या ओघात ते सांगून गेले की नथुरामाचा बेत आपल्याला आधीच ठाऊक होता आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांपर्यंत आपण तो कळवला होता. वर्तमानपत्रांत हे छापून येताच विधानसभेत आणि संसदेत आग लागली. केतकरांना अटक झाली. सुटून महिना-दीड महिना होतो न होतो तोच गोपाळ गोडसे भारत संरक्षण कायद्याखाली पुन्हा तुरुंगात गेले आणि १९६५ च्या अखेरीपर्यंत तिथेच राहिले, या वेळी खटल्याविना. एकाच माणसाला, थोड्याच दिवसांच्या अंतराने, राज्याने आधी सोडले आणि मग उचलले. पहिल्या खेपेला दयेचा अधिकार वापरला, दुसऱ्या खेपेला स्थानबद्धतेचा. भोळ्या वाचकाला हे दोन अधिकार परस्परविरोधी वाटतील. प्रत्यक्षात ते सख्खे भाऊ आहेत. दोघेही न्यायालयाला वळसा घालून जातात.

मग आयोग आला. सुटकेआधी शांतपणे विचारता आला असता तो प्रश्न, म्हणजे कटाची पूर्वसूचना कोणाकोणाला होती, तो आता गदारोळात विचारायची पाळी आली. १९६५ च्या मार्चमध्ये खासदार गोपाल स्वरूप पाठक यांची नेमणूक झाली. ते मंत्री झाल्यावर १९६६ च्या नोव्हेंबरात काम एका निवृत्त न्यायमूर्तींकडे सोपवले गेले. ते जीवनलाल कपूर. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी माफीच्या अधिकाराला न्यायालयाने हात लावू नये असे एकट्याने लिहिले होते, त्यांनाच एका शिक्षामाफीतून उसळलेला धुरळा निवळण्यासाठी शंभरावर साक्षीदार आणि शेकडो कागद तपासावे लागले. त्या कागदांच्या ढिगाऱ्यात पाचगणीची ती जुलैची संध्याकाळही होती. तोवर कानिटकर हयात नव्हते, खेरही नव्हते, आणि तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी कोण ओरडले, कोणाच्या हातात काय होते हे माणसे आठवून आठवून सांगत होती. १९६९ मध्ये अहवाल आला. पाचगणीबाबत तो ठाम होऊ शकला नाही याचे नवल नाही; माणसांची आठवण पाव शतक कोर्टाच्या पुराव्यासारखी टिकत नाही.

या साऱ्यावर सर्वांत भारी आक्षेप असा: दयेला कारण विचारले की ती दया राहत नाही, आणखी एक अपील होते. हा आक्षेप हलका नाही. कारणे लिहायची म्हटले की राज्यपाल न्यायालयाच्या भाषेत लिहू लागतील, वकील ती फाडू लागतील आणि केवळ कळवळ्यापोटी सुटू शकणारा एखादा म्हातारा कैदी आतच राहील. हा धोका मी नाकारत नाही. पण कारण सांगणे आणि कारण सिद्ध करणे या दोन गोष्टी आहेत. 'कैदी दुर्धर आजारी आहे, चार महिनेही काढणार नाही' हे एक ओळीचे कारण पुरेसे आहे, त्याला नजीर लागत नाही. आणि उघड कारणाने दया दुबळी होत नाही, याचे उदाहरण या सातारा-सांगली भागातच आहे. प्रतिसरकारच्या लढ्यात शेकडो भूमिगतांवर वॉरंटे होती. १९४६ मध्ये खेर मंत्रिमंडळ आले आणि वॉरंटे उठली, नाना पाटील उजळ माथ्याने लोकांत आले. तीही माफीच होती, आणि तीत राजकारण काठोकाठ भरले होते. तरीही आज तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही, कारण ती का दिली हे गावातल्या पोरालाही ठाऊक होते. राजकीय असणे हा माफीचा दोष नव्हे. राजकारण लपवणे हा आहे.

दुसरा आक्षेप असा की आता न्यायालये लक्ष ठेवतात, मग चिंता कशाची? १९८० च्या मारू राम निकालाने राष्ट्रपती-राज्यपालांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशी बांधले. २००६ मध्ये एपुरू सुधाकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली सूट रद्द केली. तेव्हा राज्यपाल होते सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. जात, धर्म, पक्षनिष्ठा यांवर दिलेली माफी टिकणार नाही, असे न्यायालयाने बजावले. हे उत्तम झाले. पण ती सूट सापडली कशी, हे पाहा. कैदी चांगला काँग्रेस कार्यकर्ता आहे, असे सरकारी अहवालात कुणीतरी चक्क लिहून ठेवले होते. लिहिले म्हणून पकडले. जो अधिकारी धूर्त असेल तो इतके लिहिणार नाही आणि त्याच्या कोऱ्या फायलीपुढे न्यायालय हात टेकेल. कारणे देण्याचे बंधन नसले तरी रास्त कारणे असलीच पाहिजेत, असे न्यायालय म्हणते. पण न दाखवलेले कारण रास्त होते की नव्हते हे तपासायचे कोणत्या चष्म्यातून?

मुकेपणाचा दुसरा चेहरा दिरंगाईचा. कोल्हापूरच्या बालहत्यांच्या खटल्यातल्या दोन बहिणींच्या दयेच्या अर्जावर सरकारी टेबलांनी सात वर्षांहून अधिक काळ घेतला आणि त्यामुळेच २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. गुन्ह्याचा निर्घृणपणा न्यायालयाने मान्य केला होता. फाशी गेली ती फायलींच्या आळसाने. अर्ज का पडून राहिला याची नोंद कुणाला ठेवावी लागत नव्हती. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना २०१२ मध्ये ज्यांची फाशी सौम्य झाली त्यांतला एक कैदी पाच वर्षांपूर्वीच तुरुंगात वारला होता. मेलेल्या माणसाला जन्मठेप झाली. क्रूर विनोद म्हणून हे सोडून देता येईल, पण फाइलवर सही करण्यापूर्वी कुणी कारणांचे एक पान जरी लिहिले असते तरी कैदी हयात आहे का, हा प्रश्न पहिल्याच ओळीत आला असता.

अमेरिकेचे उदाहरण हल्ली फार दिले जाते. फोर्डनी निक्सनना १९७४ मध्ये खटल्याआधीच माफ केले, बायडेननी जाता जाता आपल्या मुलाला, ट्रम्पनी येता येता कॅपिटॉलवर चालून गेलेल्यांना. तिथली माफी एका माणसाच्या सहीची असते, म्हणून निदान दोष कोणाच्या दारात ठेवायचा हे कळते. आपल्याकडे सही राज्यपालांची, सल्ला मंत्रिमंडळाचा, टिपण गृहखात्याचे. जबाबदारी तिघांत विभागली की ती कुणाचीच राहत नाही. त्यामुळे लेखी कारणांची गरज अमेरिकेपेक्षा आपल्याला अधिक आहे.

घडले मात्र उलटे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७२ व्या कलमात फाशीच्या कैद्यांच्या दयेच्या अर्जांसाठी प्रथमच मुदती घातल्या गेल्या, आणि त्या स्वागतार्ह आहेत. पण त्याच कलमात असेही लिहिले आहे की राष्ट्रपती किंवा राज्यपाल त्या निर्णयाप्रत कसे आले, याची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही. निर्णयाची कारणे नोंदवावीत, याविषयी त्यात एक शब्द नाही.